पडद्यामागचं हरीण

माघ लागला की आमच्या निपाणीला शिंका येतात. माणसांना येतात असं नव्हे, गावालाच येतात. शिवारात कापून वाळवलेला तंबाखू वखारीत यायला लागतो आणि वाऱ्यावर त्याची अशी काही धूळ उडते की स्टँडवर उतरलेला पाहुणा आधी शिंकतो, मग पत्ता विचारतो. आम्हा गावच्यांना त्याचं काही वाटत नाही. वर्गात एकीला शिंक आली की ओळीनं साऱ्या बाकाला येते. यंदाही माघ आला, परवा पहिली शिंक आली, आणि नाक पुसता पुसता माझी बोटं शिवशिवायला लागली. चार वर्षांपूर्वीच्या माघात त्यांना ही सवय लागली. त्या माघापासून चैत्रापर्यंतचे दोन महिने मी जितकी आनंदात होते तितकी माझ्या लग्नातही नव्हते. आमच्या ह्यांना हे मी सांगितलेलं आहे, त्यामुळं इथं लिहायला हरकत नाही.

मी हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते. नोकरीला वीसच्या वर वर्षं झाली. एवढ्या काळात मी किती मडकी, किती सफरचंदं आणि डोंगरामागून उगवणारे किती सूर्य काढले आणि पोरांकडून काढून घेतले, देव जाणे. चांगलं चित्र म्हणजे काय हे मला पक्कं ठाऊक होतं. उजेड एका बाजूनं येतो, सावली दुसऱ्या बाजूला पडते आणि रंग कागदावर बसतो. यात शंकेला जागाच नव्हती. एखादी गोष्ट इतकी पक्की ठाऊक असली की तिचा कंटाळा येतो, आणि कंटाळा आलाय हेही आपल्याला कळत नाही. माझं तसंच चाललं होतं.

त्या माघात शाळेच्या संमेलनाला आमच्या कन्नडच्या सरांनी तोगलु गोंबेयाटाचा मेळ बोलावला. तोगलु म्हणजे कातडं, गोंबे म्हणजे बाहुली. पांढरं धोतर ताणून बांधायचं, त्याच्यामागं दिवा लावायचा, दिव्याच्या आणि धोतराच्या मध्ये कातड्याच्या बाहुल्या नाचवायच्या आणि लोकांनी अलीकडं बसून त्यांच्या सावल्या बघायच्या. सावली म्हटल्यावर मी ती काळीच धरून चालले होते. पोरांना गप्प बसवायच्या कामावर होते मी, माझं अर्धं लक्ष मागच्या बाकांवर. तेवढ्यात पडद्यावर मारुती आला, आणि तो लाल होता.

तो लाल मी कधी पाहिलेला नव्हता. माझ्या पेटीत लालच्या चार बाटल्या होत्या, त्यांतला तो एकही नव्हता. आतून दिवा लावलेला लाल. मारुतीच्या अंगावरचे दागिने ठिपक्याठिपक्यांनी चमकत होते, शेपटी हलली की पिवळ्याचा केशरी होत होता. पोरांना गप्प बसवायचं मी विसरले आणि गंमत म्हणजे पोरं आपणहून गप्प बसली होती. खेळ संपायची वाट न बघता मी स्टेजला वळसा घालून पडद्यामागं गेले.

मागं सत्तरीचा एक वाळका माणूस मांडी घालून बसला होता. तो तोंडानं गात होता, पायानं ताल देत होता आणि दोन हातांत दोन बाहुल्या होत्या. मेळाचे मालक भीमण्णा. शेजारी त्यांची बायको नीलव्वा पेटी वाजवत बायकांचे आवाज काढत होती. खेळ संपल्यावर मी तो मारुती हातात मागून घेतला. हातात तो मळकट, तपकिरी, जुन्या वहीच्या पुठ्ठ्यासारखा दिसत होता.

"रंग कुठं गेले?" मी विचारलं.

"जातील कुठं? तितंच हाईत," भीमण्णा म्हणाले आणि मारुती त्यांनी दिव्यापुढं धरला. लाल आला. बाजूला घेतला, गेला. धरला, आला. असं त्यांनी मला चार वेळा करून दाखवलं आणि चारही वेळा मी पहिल्यांदाच बघत असल्यासारखी बघत राहिले.

"बण्ण अल्ल, अक्कोरू. बेळकु," ते हसून म्हणाले. अक्कोरू म्हणजे शाळेतल्या बाई. रंग न्हवं बाई, उजेड.

मग त्यांनी तंबाखूची चिमूट मळत मराठीत गप्पा सुरू केल्या. मला नवल वाटलं. भीमण्णांच्या लोकांत घरात मराठी चालते आणि पडद्यावर कन्नड. मराठीही आपल्यापेक्षा जुनी, मध्येच एखादा शब्द असा यायचा की माझ्या पणजीची आठवण व्हावी. आमच्या भागात भाषेवरून वाद घालायला लोकांना भरपूर वेळ असतो. मी भीमण्णांना विचारलं, तुम्ही नक्की कोणत्या बाजूचे? ते म्हणाले, "आम्ही पडद्यामागचं. पुढं बसल्यालं ठरवतील."

मी तिथंच म्हटलं, मला हे रंगवायला शिकवा. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. म्हणाले, "माजं हरीण थकलंय. मान ढिली झाली, पोटाला चिरा पडल्यात. चैत्रातल्या जत्रेला नवं पायजे. तुमी करा. साधलं तर पडद्यावर जाईल, न्हाई तर जुनंच लंगडत नाचंल." हे इतक्या सहज म्हणाले की मी त्या रात्री घरी गेल्यावर जेवले नाही. आनंदानं जेवण जात नाही हे तोवर मी फक्त ऐकून होते.

आता यात एक अडचण होती आणि ती साधी नव्हती. बाहुली बकऱ्याच्या कातड्याची असते, आणि आमचं घर जैनांचं.

माझं माहेर बोरगावचं. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. आई गेल्यापासून ते माझ्या भावाच्या घरी असतात, पण शेतावर रोज जातात. आप्पांनी जन्मात कातड्याची चप्पल घातलेली नाही, पायात कापडी बूट. एकदा कुणीतरी त्यांना घड्याळ भेट दिलं, तर त्याचा चामडी पट्टा काढून त्यांनी शिंप्याकडून कापडी पट्टा शिवून घेतला. पाणी गाळून पितात, दिवस मावळायच्या आत जेवतात, सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, जाताना मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालतात. हे सगळं कुणाला उपदेश न करता करतात, त्यामुळं त्यांच्याशी भांडायची सोय नाही. मी कॉलेजात असताना एकदा टोमणा मारला होता की, एवढी अहिंसा पाळता आणि तंबाखू पिकवता? आप्पा म्हणाले होते, "व्हय, ते चुकतंयच माझं," आणि जेवायला बसले. अशा माणसाचं काय करणार?

मला ते हरीण करायचं होतं आणि आप्पांच्या मनातून उतरायचं नव्हतं. दोन्हींतलं एकही सोडायची माझी तयारी नव्हती. म्हणून ज्याला आपल्याकडं बघू पुढं म्हणतात तो मार्ग मी धरला.

पहिल्या रविवारी मी चिकोडी रस्त्यावरच्या भीमण्णांच्या घरी गेले ती शाळेच्या प्रयोगशाळेतले रबरी हातमोजे घेऊन. पत्र्याचं घर, पूर्वेला दार, दारात पोतं अंथरलेलं. भीमण्णांनी वाळवून ताणलेलं कातडं माझ्यापुढं ठेवलं, मी हातमोजे चढवले. नीलव्वा भाकरी थापत होती, ती थांबली.

"हे काय गं बाई?"

"आमच्यात कातड्याला हात लावत नाहीत."

"मग हातमोजं घालूनच लेकरं न्हाऊ घातलीस काय?" ती म्हणाली आणि परत भाकरी थापायला लागली. तिला राग आला नव्हता, पण मला लाज वाटली. पाच मिनिटांत हातमोज्यांच्या आत घाम आला, बोटांना काही कळेना, रेघ हलायला लागली. मी ते काढून ठेवले आणि कातड्यावर उघडा हात ठेवला. गार असेल, चिकट असेल, काहीतरी वाईट असेल असं वाटलं होतं. ते नुसतं गुळगुळीत होतं, उन्हात वाळवलेल्या पापडासारखं, आणि दाराकडं धरल्यावर त्यातून माझीच बोटं मला दिसली. मला एकदम गोड वाटलं आणि त्याच क्षणी आप्पा आठवले.

भीमण्णांची शिकवायची रीत अशी की ते काही सांगत नाहीत, चुकू देतात. मी हरणाची आकृती काढली. चारही पाय बरोबर, जवळचे मोठे, लांबचे लहान. भीमण्णांनी विचारलं, मागचं दोन पाय आजारी हाईत का? पडद्याला जवळ आणि लांब नसतं, सगळे पाय सारखेच धावतात. मी पोटाखाली गडद रंगाची छटा दिली, गोलाई यायला. ते म्हणाले, "सावलीलाच आनि सावली कशाला?" वीस वर्षं मी पोरांचे गुण ज्या छटेवरून कापत आले ती छटा त्या दारात बसून मी पाण्यानं पुसून काढली. मनातल्या मनात कितीतरी पोरांची माफी मागितली.

पण खरी फजिती रंगांची झाली. भीमण्णांचे रंग म्हणजे बाजारात मिळणारी कापड रंगवायची पूड, डिंकाच्या पाण्यात उकळून केलेली. पातळ, पाणचट. मला ते गरिबाचे रंग वाटले. मी माझे पोस्टर कलर नेले, पांढरा मिसळून मिसळून हरणाचा असा काही सोनेरी काढला की बघत राहावं. पांढरा मिसळून रंग खुलवणं हा तर माझा हातखंडा. अंगावर पांढरे ठिपके एकेक करून दिले. तीन रविवार गेले त्यात. नीलव्वानं शेजारणींना बोलावून दाखवलं. भीमण्णा नुसते तंबाखू मळत राहिले, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

संध्याकाळी त्यांनी धोतर बांधलं, मागं शंभरचा पिवळा दिवा लावला. एलईडी ते लावत नाहीत, म्हणतात, त्यात बाहुल्यांच्या अंगातलं रगत आटल्यागत दिसतंय. मी पुढं येऊन बसले. शेजारणी बसल्या. माझं हरीण पडद्यावर आलं.

काळंकुट्ट. सोनेरी नाही, ठिपके नाहीत, काही नाही. पांढऱ्या रंगानं उजेडाचा रस्ता जागोजाग बंद केला होता. मी जिथं जिथं जास्त नटवलं होतं तिथं तिथं ते जास्त काळं होतं.

"अक्कोरू," पडद्यामागून आवाज आला, "हे रेडकू झालं."

शेजारणी हसल्या, नीलव्वा हसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायच्या आत मलाही हसू फुटलं, कारण खरोखरच ते रेडकू होतं, पाय तेवढे चुकून हरणाचे. इतकं हसल्यावर उलट हलकंच वाटलं. मला काही येत नाही हे पन्नाशीला आल्यावर कळणं ही किती मजेची गोष्ट आहे, हे ज्याला कळलं त्यालाच कळेल. दुसऱ्या दिवशी शाळेत मी नव्या नोकरीवर आल्यासारखी गेले.

मग सुरू झाले ते दिवस. आता लिहितानाही माझा हात पळायला लागलाय. ओल्या फडक्यानं ते सगळं सोनं मी धुऊन काढलं आणि भीमण्णांचे पाणचट रंग हातात घेतले. आधी पिवळा, कातड्याच्या एका अंगाला. दाराकडं धरायचं. मग उलटं करून दुसऱ्या अंगाला परत तोच. दाराकडं धरायचं. वर लालचा पातळ हात, की दोन्ही मिळून उन्हात पिकलेला केशरी. खाली ठेवून बघितलं तर काहीच नाही, उचलून धरलं की सगळं. जमिनीवर बघायचंच नाही अशी सवय लागायला मला महिना लागला. आणि ठिपके? हरणाच्या अंगावरचे ठिपके रंगवायचे नसतात, टोच्यानं पाडायचे असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक भोक, त्यातून कोरा उजेड येतो. पहिला ठिपका पाडून मी दाराकडं धरला तेव्हा त्या भोकातून सूर्य आला आणि थेट माझ्या डोळ्यात गेला. नीलव्वाला हाक मारून मी तो दाखवला. ती म्हणाली, "व्हय गं, भोक हाय." पन्नास वर्षं ती तेच बघत आली होती.

मार्चात दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षणाला बसले तरी माझं डोकं तिकडंच. पोरींच्या ठिपक्यांच्या ओढण्या, खिडकीच्या जाळीतून बाकावर पडलेली नक्षी, वखारीच्या फुटक्या कौलांतून धुळीत उतरलेल्या तिरप्या रेघा. सगळं गाव मला भोकं पाडलेलं दिसत होतं. तंबाखूच्या धुळीनं तर उजेडाला अंगच दिलं होतं, हातात धरता यावा असा. आमचे हे बेळगावात नोकरीला, शनिवारी घरी येतात. त्यांनी एका शनिवारी जेवताना विचारलं, तू माझ्याकडं बघतेयस का माझ्या कानाकडं? मी खरोखरच त्यांच्या कानाकडं बघत होते. दारातल्या उन्हात तो मागून लाल दिसत होता.

अजूनही माझी ती खोड गेलेली नाही. आता पोरांची चित्रं तपासताना मी ती आधी खिडकीकडं धरते. पोरांना वाटतं, बाई नोटा तपासल्यासारख्या आमची चित्रं तपासतात.

बोरगावला मी पंधरवड्यातून एकदा जायची. एका खेपेला आप्पांना पाणी देताना त्यांचं लक्ष माझ्या बोटांवर गेलं. नखांच्या कडांना लाल, पिवळा.

"कसला रंग गं सुशी? जात न्हाय व्हय?"

"शाळेचं काम आहे, आप्पा."

त्यांनी पाणी घेतलं. मी त्यांच्याशी खोटं बोलले होते, आणि तेही इतक्या सहज. परत येताना बसमध्ये मला स्वतःचा राग आला. त्याहून एका गोष्टीची भीती वाटत होती. दीड महिना मी भीमण्णांकडं जात होते आणि एक साधा प्रश्न विचारला नव्हता. हे बकरं कसं मेलं? मला आशा होती की कुण्या मेंढक्याच्या कळपात ते आपसूक गेलं असेल. न विचारलं तर आशा शाबूत राहत होती.

त्या रविवारी मी विचारलं. भीमण्णा काजळी खलत होते. त्यांनी हात थांबवला नाही.

"बाजारातलं हाय. खाटकाकडनं आणलं."

"म्हणजे मटणासाठी..."

"व्हय. आपसूक मेल्यालं बी मिळतंय कवा कवा. पर हे तसलं न्हवं. तुमाला बरं वाटावं म्हणून खोटं कशाला सांगू?" मग म्हणाले, "मारत आम्ही न्हाई. पर मारल्याल्याचं घेतो. त्ये हाय ते हाय."

मी त्या दिवशी काम केलं नाही. हरणाला मानेपासून शेपटीपर्यंत ठिपके पडलेले, फक्त डोळा राहिलेला. त्यांच्यात डोळा सगळ्यात शेवटी उघडतात, खेळाच्या दिवशी सकाळी, ज्यानं रंगवलं त्यानंच. तोवर बाहुली पालथी ठेवतात. ती पालथी पडलेली बघून मी उठले आणि थेट बोरगावची बस धरली.

आप्पा कट्ट्यावर शाळूचे दाणे निवडत बसले होते. मी समोर बसून सगळं सांगितलं. संमेलनातला लाल, हातमोजे, रेडकू, ठिपके. सांगता सांगता माझा आवाज चढत गेला, मला आवरेना. भीत भीत सांगायचं म्हणून बसले होते आणि जत्रेचं वर्णन करावं तसं सांगत सुटले. शेवटी खाटकाचंही सांगितलं. परवा खोटं बोलले तेही.

आप्पांनी सुपातला एक किडका दाणा बाजूला काढला, आतली अळी मरू नये म्हणून बेतानं.

"मटणासाठी मारल्यालं."

"हो."

"माझ्या घरात आणायचं न्हाई."

"नाही आणत, आप्पा."

ते दाणे पाखडायला लागले. मला वाटलं, संपलं. मग ते म्हणाले, "पडद्यावर कसं दिसतंय म्हणालीस?"

"आतून दिवा लावल्यासारखं."

"पुढनं बघाय येतंय न्हवं? मागं जायाची गरज न्हाई?"

"नाही."

"मग येतो. सावलीला कातडं नसतंय."

हा युक्तिवाद मुनिमहाराजांपुढं टिकला असता की नाही मला माहीत नाही. आप्पांनाही माहीत नसावं, कारण ते म्हणाले आणि लगेच घाईनं सूप उचलून आत गेले.

जत्रेच्या दिवशी सकाळी भीमण्णांनी जुनं हरीण वेदगंगेत नेऊन सोडलं. थकलेली बाहुली ते टाकून देत नाहीत, जाळत नाहीत, नदीत सोडतात आणि घरचं माणूस गेल्यासारखी अंघोळ करून येतात. ओल्या अंगानंच ते दारात बसले आणि टोच्या माझ्या हातात दिला. चुकलं तर हरीण आंधळं. मी टोच्या टेकवायची आणि परत उचलायची. नीलव्वा म्हणाली, "उचल किती बी. ठरला की मार." टोच्या ठरला, मी घाव घातला आणि डोळा उघडला. उचलून दाराकडं धरायचा मला धीर होईना. भीमण्णांनीही धरू दिलं नाही. म्हणाले, "आता पडद्यावरच."

आप्पा सहालाच जेवून भावाच्या मोटारसायकलवर आले, काखेत स्वतःची चटई. पहिल्या रांगेत पोरांच्यात बसले. खेळ होता शिकाऱ्याचा आणि हरणाचा. ती गोष्ट आमच्याकडं लहानथोर सगळ्यांना पाठ आहे. शिकारी बाण लावतो, हरीण म्हणतं, पाडसांना भेटून येते, मग मार. शिकारी सोडतो, आणि हरीण खरोखर परत येतं. शेवट ठाऊक असून लोक बघतात.

धोतर उजळलं. आधी विदूषक आला, त्यानं कन्नडमध्ये गावच्या पुढाऱ्याची चेष्टा केली आणि मराठीत बायकोची. मग झाड आलं. मग रिकाम्या धोतरावर, डावीकडून, माझं हरीण आलं.

मला काय झालं ते मी सरळच सांगते. मी रडले. केशरी अंग, त्यावर चांदण्यांसारखे कोरे ठिपके, आणि डोळ्याच्या जागी उजेडाचा एक थेंब, जो मान वळली की वळत होता. ते मी केलेलं आहे हे मला पटेना. जमिनीवर जे काहीच नव्हतं ते वर धावत होतं. शिकाऱ्यानं बाण रोखला तेव्हा मी आप्पांकडं बघितलं. ते दोन्ही हातांनी चटईची कड धरून पुढं झुकले होते. हरीण पाडसांकडं गेलं. पडदा रिकामा राहिला. भीमण्णांनी तो मुद्दाम जरा जास्तच वेळ रिकामा ठेवला. शेजारचं एक पोर आप्पांना म्हणालं, आता येत न्हाई ते. आप्पा त्याला म्हणाले, "येतंय. थांब." आणि हरीण आलं. शिकाऱ्यानं धनुष्य खाली ठेवलं तेव्हा आप्पांनी इतका मोठा श्वास सोडला की मला मागच्या रांगेत ऐकू आला.

खेळ संपल्यावर भीमण्णा पडद्यापुढं आले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं हरीण त्यांनी माझ्या हातात दिलं. त्यांच्यात रीत आहे, शिकणाऱ्याची पहिली बाहुली शिकणाऱ्याच्या घरी जाते. माझा आनंद गगनात मावेना. निपाणीच्या घरात ते कुठं लावायचं हे माझं आधीच ठरलेलं होतं, बैठकीत, पूर्वेच्या खिडकीपाशी, काचेच्या चौकटीत. बोरगावच्या घरात ते जाणार नव्हतं, म्हणजे आप्पांना दिलेला शब्दही मोडत नव्हता. मी हे सगळं एका दमात आप्पांना सांगून टाकलं. ते चटई गुंडाळत होते.

"भिंतीला लावणार?"

"हो. काचेत. रोज उजेड येईल त्यातनं."

त्यांनी भीमण्णांना विचारलं, "उद्या तुमचा खेळ कुठं?"

"फुडल्या गावाला."

"हरीण?"

"करू काय तरी. जुनं तर गेलं. नवं हुईस्तोवर दुसरी गोष्ट लावू."

आप्पा माझ्याकडं वळले. आवाज नेहमीसारखाच, उपदेशाचा नव्हे. "एकदा मेलंय गं ते. आत्ता कुठं पळाय लागलंय. भिंतीला बांधू नको. पळू दे की."

मला राग आला. खरंच आला. दोन महिने मी ज्याच्यासाठी जीव टाकला होता ते माझ्या हातात होतं, आणि ज्यांनी ते घरात नको म्हटलं होतं तेच आता त्याची बाजू घेऊन भांडत होते. मी ते पुडकं छातीशी धरून उभी राहिले. लोक पांगत होते, पोरं धोतरामागं शिरून दिव्यापुढं हात नाचवत होती. मला तो रिकामा पडदा आठवला, आणि आप्पांचं त्या पोराला सांगणं, येतंय, थांब. उद्या पुढच्या गावात असंच एखादं पोर बसलेलं असणार होतं. मी पुडकं भीमण्णांच्या हातात दिलं. दिल्यावर हात रिकामे वाटले, पण पश्चात्ताप झाला नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही.

भीमण्णांनी बाहुल्यांची पेटी उघडली. आप्पा दोन पावलं पुढं झाले. आयुष्यात पहिल्यांदा ते कातड्याच्या इतक्या जवळ उभे होते.

"वाघाशेजारी ठेवत न्हाईसा न्हवं?" त्यांनी विचारलं.

"छ्या. वाईट खाली, चांगलं वर, मधी कापडाचा धडपा," भीमण्णा म्हणाले, "ह्याला मी मारुतीजवळ ठेवतो." त्यांनी खरंच तसं ठेवलं आणि आप्पांचं समाधान होईपर्यंत झाकण लावलं नाही.

पुढच्या चार वर्षांत मी आणखी बाहुल्या केल्या. एक मोर केला, दोन झाडं, एक रागीट बाई, जी नीलव्वासारखी दिसते असं सगळे म्हणतात. सगळ्या पेटीत आहेत, माझ्या बैठकीची भिंत कोरीच आहे. अलीकडं मेळ माघात निघतो तो चैत्र सरेपर्यंत फिरतो, यंदा तर पार खानापूरच्या रानापर्यंत गेला आहे. आप्पांचा दर रविवारी सकाळी फोन येतो. ऐंशीच्या पुढं गेले, ऐकू कमी येतं, त्यामुळं मोठ्यानं बोलतात. माझी तब्येत, ह्यांची तब्येत, तंबाखू कसा उतरला, शाळू कसा आला, सगळं ओळीनं होतं. फोन ठेवायच्या आधी ते थांबतात. मीही थांबते.

"आणि हरीण सध्या कुठल्या गावाला हाय गं?"

"जांबोटीला, आप्पा."

"तिकडं रान लई हाय," आप्पा म्हणतात. "बरं वाटंल त्याला."